राईट क्लिकचा मेनू आपल्या सोयीचा कसा करायचा? (विंडोज ११, दुकानाचं काम)

फॉर्मवाला | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, मी आणि हाताखाली एक मुलगा. आजूबाजूला अभ्यासिकाच अभ्यासिका. कुठल्याही भरतीची जाहिरात आली की शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तिन्ही मशीनवर ११ टाकून घेतलं. बाकी सवय होईल, पण राईट क्लिकने पार वैताग आणलाय. पूर्वी फाइलवर राईट क्लिक केलं की सगळं एका यादीत दिसायचं. आता आधी आखूड मेनू येतो. त्याच्या तळाला 'शो मोर ऑप्शन्स', आणि त्यावर टिचकी मारली की मग आपला ओळखीचा मेनू. एका फाइलला एक टिचकी जास्त. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं! सीझनमध्ये दिवसाला दीडशे फाइली हाताखालून जातात हो.

त्यात कट, कॉपी, रिनेम, डिलीट यांची चित्रं करून एका पट्टीत बसवली आहेत. ती पट्टी कधी मेनूच्या वर येते, कधी खाली. हाताला जागाच पाठ होत नाही.

तर दोन प्रश्न. जुना मेनू कायमचा परत आणता येतो का? आणि त्या मेनूत माझा स्वतःचा एक आयटम टाकता येईल का, 'फोटो लहान करा' असा? पोरं मोबाइलवरून चार-पाच एमबीचा फोटो पाठवतात आणि फॉर्मला ५० केबीच्या आतला लागतो. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण सांगाल ते नीट वाचून करतो.

हिंजवडीकर | सोमवार, रात्री १०:४८

दोन्ही होतं. आज पहिलं करू.

आधी बिनखर्चाचा उपाय. शिफ्ट दाबून राईट क्लिक केलं तर थेट जुना मेनू येतो. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ १० दाबलं तरी तेच.

कायमचं हवं असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, जावं लागेल. इथे देवनागरीची सक्ती असल्याने मी उच्चार लिहितोय, तुम्ही स्पेलिंग इंग्रजीत टाका. विंडोज कळ आणि आर, मग 'रेगएडिट'. डावीकडच्या झाडात एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, सीएलएसआयडी असं उतरत जा. सीएलएसआयडी नसेल तर तयार करा. त्यात नवी की (म्हणजे झाडातला फोल्डर), नाव महिरपी कंसात: ८६सीए१एए० - ३४एए - ४ई८बी - ए५०९ - ५०सी९०५बीएई२ए२. अधल्यामधल्या स्पेस सोडून द्या, रेघा ठेवा. त्या कीच्या पोटात आणखी एक की, नाव 'इनप्रॉकसर्व्हर३२'. उजवीकडे 'डीफॉल्ट' दिसेल, ती रिकामी ठेवायची. मग टास्क मॅनेजर उघडून विंडोज एक्सप्लोरर (फाइली आणि हे मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) निवडा आणि रीस्टार्ट करा.

हे चालतं कसं? नवा मेनू काढण्यासाठी विंडोज त्या लांबलचक नंबराचा घटक शोधतं. आपण आपल्या खात्यात त्याच नंबराचं रिकामं खोकं ठेवलं. खात्यातलं आधी सापडतं. दारावर पाटी आहे, आत कोणीच नाही, म्हणून एक्सप्लोरर मुकाट्याने जुन्या मेनूकडे वळतं. मूळ फाइलींना हात लागत नाही. नको झालं तर ती की उडवा, नवा मेनू परत येतो. करंट युजरमध्ये करत असल्यामुळे ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही.

रजिस्ट्रीत काहीही करायच्या आधी त्या फांदीवर राईट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवा. हे दोनदा वाचा.

निवृत्त_नाना | सोमवार, रात्री ११:०५

मधेच घुसतोय, माफी असावी. माझ्याकडे मेनू जुना का नवा हा प्रश्नच नाही, कारण तो येतच नाही. राईट क्लिक करायचं, निळं गोल फिरत राहतं, सहा-सात सेकंदांनी मेनू उगवतो. तोवर मी पुन्हा क्लिक केलेलं असतं, मग आलेला जातो. काही विषारी प्रकार असेल का? बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, हे मशीन त्याच वेळचं.

टिळकरोडी | सोमवार, रात्री ११:११

नाना, नऊ वर्षांचं मशीन उगवतंय हेच खूप.

निवृत्त_नाना | सोमवार, रात्री ११:१४

मशीन नऊ वर्षांचं, मी एकोणसत्तरचा. दोघंही उगवतो.

हिंजवडीकर | सोमवार, रात्री ११:३०

नाना, व्हायरस असेलच असं नाही. आपण प्रोग्रॅम टाकतो तेव्हा त्यातले बरेचसे राईट क्लिकच्या मेनूत स्वतःची एक ओळ घुसवतात. काही ओळी साध्या असतात, रजिस्ट्रीत नुसतं नाव आणि कमांड. पण काहींचा अख्खा कोड एक्सप्लोररच्या आत जाऊन बसतो, त्याला शेल एक्स्टेन्शन म्हणतात. मेनू उघडायच्या आधी एक्सप्लोरर त्या प्रत्येकाला विचारतं, 'या फाइलसाठी तुला काही दाखवायचंय का?' एकाने उत्तर द्यायला वेळ लावला की सगळ्या मेनूचा खोळंबा. रेशनच्या रांगेत पुढच्याने पिशवीच उघडली नाही, तसं.

नीरसॉफ्टचं 'शेलएक्सव्ह्यू' नावाचं फुकट, छोटं साधन आहे. उघडल्यावर सगळ्या एक्स्टेन्शनची यादी येते. मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या ओळी गुलाबी दिसतात. मायक्रोसॉफ्टच्यांना हात लावायचा नाही, ऑप्शन्समधून त्या लपवताही येतात. गुलाबी ओळींमध्ये 'काँटेक्स्ट मेनू' प्रकारच्या निम्म्या निवडून एफ ७ ने बंद करा, एक्सप्लोरर रीस्टार्ट करा, मेनू किती वेळात येतो ते बघा. पटकन आला तर चोर त्या निम्म्यांत. नाही तर उरलेल्यांत. परत चालू करायला एफ ८. चार-पाच फेऱ्यांत सापडतो.

शलाका_को | मंगळवार, सकाळी ७:५०

त्या चित्रांच्या पट्टीबद्दल फॉर्मवाल्यांना माझा पूर्ण पाठिंबा. आई सहकारनगरला, मी कोथरूडला. तिचा फोन: 'अगं, कॉपी काढून टाकलंय यांनी.' मी म्हटलं, काढलं नाहीये, वर चित्रं आहेत बघ. 'एक कात्री आहे.' बरोबर, ती कट. 'एक कागदावर कागद आहे.' तेच कॉपी. 'मग तसं लिहायला काय होतं?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून चित्रांखाली नावंही येतात. अपडेट करून दिलं, तर आता म्हणते, चित्रं कशाला मग?

जुना_जाणता | मंगळवार, सकाळी ८:३५

आईंचा मुद्दा रास्त आहे. राईट क्लिकचा मेनू लोकांच्या अंगवळणी पडला तो विंडोज ९५ मुळे, २४ ऑगस्ट १९९५. त्याआधी ३.१ वर आम्ही काम करायचो तेव्हा उजवं बटण बहुतेक वेळा शोभेचं असायचं. मॅकवाले तर १९८४ पासून एकाच बटणावर संसार करत होते, पुढे कंट्रोल दाबून क्लिक करायला लागले. ॲपलने स्वतःचा अनेक बटणांचा माऊस काढला थेट २००५ साली. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण भांडतोय तिचं वय फार नाही. पण तीस वर्षं हात एका जागी जात असेल, तर ती जागा हलवणाऱ्याने आधी विचारावं.

फॉर्मवाला | मंगळवार, दुपारी १२:४०

हिंजवडीकर, दोनदा वाचूनच केलं, एक्सपोर्टही केलं. पण मेनू नवाच येतोय. नंबर तीन वेळा तपासला. मी वाचत होतो, मुलगा बोट ठेवून जुळवत होता. एक्सप्लोरर रीस्टार्ट केलं, मशीनही रीस्टार्ट केलं.

हिंजवडीकर | मंगळवार, दुपारी १२:५५

'इनप्रॉकसर्व्हर३२' मधली डीफॉल्ट बघा. तिच्यापुढे 'व्हॅल्यू नॉट सेट' असं कंसात लिहिलंय का?

फॉर्मवाला | मंगळवार, दुपारी १२:५८

हो. रिकामीच आहे की मग.

हिंजवडीकर | मंगळवार, दुपारी १:०१

तिथेच गाडं अडलंय. ती रिकामी नाहीये, ती भरलेलीच नाहीये. तिच्यावर डबल क्लिक करा, चौकट उघडेल, काही टाइप करू नका, ओके करा. 'व्हॅल्यू नॉट सेट' जाऊन तिथे काहीच दिसणार नाही. मग एक्सप्लोरर रीस्टार्ट.

टिळकरोडी | मंगळवार, दुपारी १:०३

रिकामा अर्ज आणि न दिलेला अर्ज यातला फरक फॉर्मवाल्यांना सांगावा लागतोय! कलियुग.

फॉर्मवाला | मंगळवार, दुपारी ४:१०

झालं!! तिन्ही मशीनवर जुना मेनू. टिळकरोडी, टोमणा पोचला. दुकान दुपारी बंद असतं म्हणून उत्तर आत्ता देतोय.

अनुस्वार | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

फोटो लहान करायला रजिस्ट्रीत कशाला शिरताय? मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे, त्यात इमेज रिसायझर येतो. फोटो निवडा, राईट क्लिक, माप निवडा, झालं. नव्या मेनूतही दिसतो. शिवाय त्यात पॉवररिनेम आहे. 'व्हॉट्सॲप इमेज' नावाच्या चाळीस फाइलींची नावं एकदम बदलून देतं.

हिंजवडीकर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

पॉवरटॉइज उत्तमच, पण रिसायझरमध्ये लांबी-रुंदी सांगता येते, 'इतक्या केबीच्या आत बसव' असं सांगता येत नाही. यांना केबी हवेत. फॉर्मवाले, नेमकं माप सांगा.

फॉर्मवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

परीक्षेगणिक वेगळं. आयबीपीएसच्या बँक भरतीला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. आत्तापर्यंत मुलगा पेंटमध्ये उघडून अंदाजाने छोटा करायचा, सेव्ह करून केबी बघायचा, जास्त भरले की परत. एका फोटोला तीन-चार मिनिटं.

हिंजवडीकर | मंगळवार, रात्री १०:३०

मग इमेजमॅजिक टाका. काळ्या खिडकीतून, म्हणजे कमांड टाइप करून चालणारं मोफत साधन आहे. सातव्या आवृत्तीत त्याच्या कमांडचं नाव 'मॅजिक' आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये 'कन्व्हर्ट' सांगतात, ते वापरू नका. विंडोजचं स्वतःचं एक 'कन्व्हर्ट' आहे आणि ते फोटोंचं नसून डिस्क एनटीएफएसमध्ये बदलण्याचं आहे! नावं सारखी, धंदे वेगळे.

सी ड्राइव्हवर 'काम' नावाचा फोल्डर, त्यात नोटपॅडमध्ये एक बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहिलेली मजकुराची फाइल. आत एकच ओळ. क्रम असा: मॅजिक, मग येणाऱ्या फाइलचं नाव म्हणजे टक्का-एक, मग रिसाइझ २०० बाय २३०, मग डिफाइन जेपेग-एक्स्टेंट ५० केबी, शेवटी नव्या फाइलचं नाव. नव्या नावासाठी टक्का, लाटेचं चिन्ह, डीपीएन आणि एक. याचा अर्थ जुन्या फाइलचा पत्ता आणि नाव, फक्त शेपूट सोडून. त्याला पुढे 'अंडरस्कोर पी डॉट जेपीजी' जोडा. मूळ फोटो जागेवर राहतो, शेजारी छोटा तयार होतो. जेपेग-एक्स्टेंटचं काम असं की तो त्या आकड्याच्या आत बसेल अशी शक्य तितकी चांगली क्वालिटी स्वतः शोधतो. मुलगा पेंटमध्ये करायचा तेच, फक्त न कंटाळता.

आता मेनू. करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, त्यात 'सिस्टिमफाइलअसोसिएशन्स', त्यात 'डॉट जेपीजी', त्यात 'शेल', त्यात तुमच्या आयटमची की, त्यात 'कमांड'. आयटमच्या कीच्या डीफॉल्टमध्ये मेनूत दिसायचं नाव. कमांडच्या डीफॉल्टमध्ये बॅच फाइलचा पत्ता आणि पुढे टक्का-एक, दोन्ही वेगवेगळ्या अवतरण चिन्हांत. चिन्हं विसरलात तर नावात स्पेस असलेली पहिलीच फाइल तुम्हाला तोंडघशी पाडेल. इथे टाकल्याने आयटम फक्त जेपीजीवर दिसेल, एक्सेलच्या फाइलवर नाही. सगळीकडे दिसायला हवं म्हणून 'तारा' चिन्हाच्या कीखाली (ती सगळ्या फाइलींना लागू होते) टाकणारे लोक असतात. त्यांचेच मेनू पुढे हातभर लांब होतात.

आणि हो, अशा हाताने टाकलेल्या ओळी विंडोज ११ च्या नव्या मेनूत येत नाहीत, 'शो मोर ऑप्शन्स'च्या आतच राहतात. नव्या मेनूत शिरायला प्रोग्रॅमची रीतसर पॅकेज म्हणून नोंदणी लागते. तुम्ही जुना मेनू आणलाच आहे, त्यामुळे थेट दिसेल.

पेंग्विनप्रेमी | मंगळवार, रात्री ११:०२

लिनक्स मिंटवर हे सगळं एका मजकुराच्या फाइलीत होतं, रजिस्ट्री वगैरे भानगडच नाही. होम फोल्डरमध्ये डॉट-लोकल, शेअर, नेमो (मिंटचं फाइली दाखवणारं ॲप), ॲक्शन्स. तिथे 'नेमो_ॲक्शन' शेपटाची फाइल ठेवायची. आत नाव, कमांड, किती फाइली निवडल्यावर दिसायचं, कुठल्या शेपटाच्या फाइलींवर दिसायचं, एवढं लिहायचं. नाव सरळ मराठीत. उबंटूवाल्यांनी त्यांच्या फाइल ॲपच्या, म्हणजे नॉटिलसच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये स्क्रिप्ट टाकून तिला चालवण्याची परवानगी दिली की बास.

टिळकरोडी | मंगळवार, रात्री ११:०४

आलेच! मी घड्याळ लावून बसलो होतो.

निवृत्त_नाना | बुधवार, सकाळी ६:१५

सापडला चोर! चौथ्या फेरीत. स्कॅनरबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरचं एक्स्टेन्शन. गंमत म्हणजे तो स्कॅनर आम्ही २०१९ साली भंगारवाल्याला दिला. यंत्र गेलं, पण त्याचा कारकून मशीनमध्ये बसून राहिला, आणि मी राईट क्लिक केलं की तो उठून स्कॅनर शोधायला जायचा! बंद केला, आता मेनू चुटकीसरशी येतो. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉलही केलं. हिंजवडीकर, कधी कर्वे रोडला आलात तर चहाला या.

फॉर्मवाला | बुधवार, संध्याकाळी ५:३०

आयटम आला! पण तीन अडचणी.

एक, काही फोटो आडवे पडतात. मोबाइलवर उभा दिसतो, लहान केला की पोरगं झोपलेलं.

दोन, २०० बाय २३० सांगूनही माप नेमकं येत नव्हतं, १७३ बाय २३० असलं काहीतरी. मुलाने यूट्यूबवर बघून मापापुढे उद्गारचिन्ह टाकलं. माप आलं, पण चेहरे ताणले गेले. एक बारकी मुलगी आली होती, तिने स्क्रीनकडे बघून विचारलं, 'सर, हा माझाच फोटो आहे ना?'

तीन, दुसऱ्या मशीनवर हाताने सगळं परत नको म्हणून नोटपॅडमध्ये रेग फाइल (उघडली की रजिस्ट्रीत नोंदी टाकणारी) लिहिली. 'फोटो लहान करा' या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि भलतीच चिन्हं दिसताहेत.

हिंजवडीकर | बुधवार, रात्री ९:५०

एक. मोबाइल फोटो आडवाच साठवतो आणि सोबत चिठ्ठी ठेवतो, 'दाखवताना फिरवा.' आपण लहान करताना पिक्सेल तसेच राहतात, आणि फॉर्मची वेबसाइट ती चिठ्ठी वाचेलच असं नाही. येणाऱ्या फाइलच्या नावानंतर लगेच 'ऑटो-ओरिएंट' टाका, म्हणजे पिक्सेलच फिरवून घेतले जातात.

दोन. उद्गारचिन्ह म्हणजे 'प्रमाण गेलं खड्ड्यात, माप बसव.' ते काढा, त्याऐवजी उलटं व्ही, म्हणजे कॅरट चिन्ह टाका. त्याने चौकट पूर्ण भरेल इतका फोटो छोटा होतो आणि जास्तीचा भाग बाहेर उरतो. मग ग्रॅव्हिटी सेंटर आणि एक्स्टेंट २०० बाय २३० दिलं की जास्तीचे काठ कापले जातात. हा एक्स्टेंट आणि मघाचा जेपेग-एक्स्टेंट वेगळे: हा माप कापतो, तो केबी. महत्त्वाचं: बॅच फाइलमध्ये कॅरटला स्वतःचा वेगळा अर्थ आहे, म्हणून ते माप अवतरण चिन्हांत ठेवा, नाहीतर ते चिन्ह वाटेतच गिळलं जाईल.

तीन. नोटपॅड आपण होऊन यूटीएफ ८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करतो. रेगएडिट तसली फाइल जुन्या पद्धतीची समजून वाचतं आणि मराठीचा चिवडा होतो. 'सेव्ह ॲज' करताना खाली एन्कोडिंग असतं, तिथे यूटीएफ १६ एलई निवडा. किंवा सरळ पहिल्या मशीनवरून ती की एक्सपोर्ट करा, ती योग्य एन्कोडिंगमध्येच बाहेर पडते.

अनुस्वार | बुधवार, रात्री १०:१५

बॅच फाइलीचं याच्या उलट आहे हे लक्षात ठेवा. तिच्या आत मराठी नाव लिहायचं असेल, समजा नव्या फाइलला 'लहान' असं जोडायचंय, तर ती यूटीएफ ८ मध्येच सेव्ह करायची आणि पहिल्या ओळीत 'सीएचसीपी ६५००१' लिहायचं, म्हणजे काळी खिडकीही यूटीएफ ८ वाचते. माझे दोन रविवार यात गेलेत.

फॉर्मवाला | गुरुवार, सकाळी ११:२०

तिन्ही सुटलं. मराठी नाव झकास दिसतंय. सहीचा आयटमही केला, पण १४० बाय ६० मध्ये सही सहा-सात केबीचीच होते आणि खालची मर्यादा १० ची आहे. जास्तीत जास्त क्वालिटी दिली तरी वर जाईना.

हिंजवडीकर | गुरुवार, दुपारी १:४५

पांढऱ्या कागदावर चार रेघा, भरणार तरी काय? जेपेग-एक्स्टेंट वरचं छत सांभाळतो, खालची जमीन नाही. २८० बाय १२० करून बघा. प्रमाण तेच राहतं. १४० बाय ६० हे आयबीपीएसच्या सूचनेत पसंतीचं माप म्हणून दिलेलं असतं, पण अपलोड करायच्या आधी त्या त्या जाहिरातीत एकदा वाचा.

फॉर्मवाला | गुरुवार, रात्री ८:०५

सही जमली, तेरा केबी. पण आता भुताटकी. क्लासच्या एका सरांनी त्यांच्या मुलांचे सगळे फोटो पेन ड्राइव्हवर आणून दिले. पाच-दहा निवडले की मेनूत माझा आयटम आहे. सगळे निवडले की गायब! मी आणि मुलगा आळीपाळीने बघतोय, पंधरापर्यंत आहे, सोळावा निवडला की नाही.

जुना_जाणता | गुरुवार, रात्री ८:२०

भूत नाही, नियम आहे. पंधराच्या वर फाइली निवडल्या की विंडोज अशा ओळी लपवतं. अगदी 'ओपन' आणि 'प्रिंट' सुद्धा. चुकून शंभर फाइली निवडून कोणी एंटर मारलं तर शंभर खिडक्या उघडू नयेत म्हणून. रजिस्ट्रीत 'मल्टिपल इन्व्होक प्रॉम्प्ट मिनिमम' नावाची व्हॅल्यू वाढवून ही मर्यादा वाढते. पण तुमच्या बाबतीत वाढवू नका. तुमची कमांड प्रत्येक फाइलसाठी वेगळी सुरू होते. साठ फोटो म्हणजे साठ काळ्या खिडक्या एकदम. त्या मशीनने काय घोडं मारलंय?

'सेंड टू' वापरा. विंडोज कळ आणि आर, मग 'शेल कोलन सेंडटू'. उघडलेल्या फोल्डरमध्ये बॅच फाइलचा शॉर्टकट ठेवा, नाव मराठीत द्या. सेंड टू निवडलेल्या सगळ्या फाइली एकाच वेळी, एकाच बॅच फाइलला देतं आणि पंधराची अट तिथे नाही. फक्त बॅच फाइलमध्ये फेरा घाला: वर एक लेबल, मग तुमची मॅजिकची ओळ, खाली 'शिफ्ट', आणि पुढची फाइल रिकामी नसेल तर 'गोटू' करून परत लेबलवर. शिफ्टने रांगेतली पुढची फाइल टक्का-एकच्या जागी येते. एका दमात पन्नासच्या आत ठेवा. सगळ्या फाइलींचे लांबलचक पत्ते एका ओळीत जोडले जातात आणि त्या ओळीला ८१९१ अक्षरांची मर्यादा आहे. फोटो आधी डेस्कटॉपवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये घेतले तर आणखी बरं.

शलाका_को | गुरुवार, रात्री ८:४०

थांबा, सेंड टू मधून आईच्या मशीनवर ते 'फॅक्स रेसिपिएंट' काढता येईल का मग?

जुना_जाणता | गुरुवार, रात्री ८:४४

त्याच फोल्डरमध्ये शॉर्टकट आहे. खुशाल उडवा. फॅक्स करणारं कोणी शिल्लक असेल तर ते इथे नसणार.

निवृत्त_नाना | गुरुवार, रात्री ८:५१

मी आहे. पण उडवा.

फॉर्मवाला | शनिवार, रात्री ९:३०

आज एका भरतीची शेवटची तारीख होती, म्हणून कालपासून इकडे यायला जमलं नाही. सरांचे फोटो दोन हप्त्यांत केले. निवडले, सेंड टू, 'फोटो लहान करा', काळी खिडकी एकदा उघडली, चहा येईपर्यंत फोल्डर भरलेला. मुलगा पेंट उघडायच्या सवयीने दोनदा तिकडे गेला आणि परत आला.

एक राहिलंच सांगायचं. तो मुलगा डावखुरा आहे. त्याच्या मशीनवर माऊसची बटणं उलटी लावलेली आहेत, त्यामुळे त्याचं राईट क्लिक डाव्या बटणावर. इथलं मी त्याला वाचून दाखवलं की दर वेळी तो 'म्हणजे माझं डावं' असं म्हणून घ्यायचा. आणि एकदा मी घाईत त्याच्या मशीनवर बसलो. मेनू उघडायला गेलो तर फाइलच उघडली, हे निराळं.

आता त्याच्या मशीनवर रिकाम्या डेस्कटॉपवर राईट क्लिक केलं, त्याच्या भाषेत डावं, तर मेनूत एक नवीन ओळ दिसली, 'दोन चहा सांगा'. मी टाकलेली नाही. मी करताना बघून बघून त्याने रजिस्ट्रीतली जागा शोधून काढली. त्यावर टिचकी मारली की विंडोज सांगतं, या कामासाठी कुठलाच प्रोग्रॅम जोडलेला नाही. विचारलं तर म्हणाला, 'नाव टाकून ठेवलंय सर, कमांड लिहायची राहिलीय.'